मांजर नसलेलं मांजर

प्राण्यांना नावं ठेवणं हा माझा व्यवसाय आहे. बायको म्हणते, "प्राण्यांना ठेवतोस ते नोकरीचं झालं. माणसांना ठेवतोस ते फुकटचं." तिचं खरं आहे. माझा राग नाकावर असतो आणि जीभ नाकापासून काही फार लांब नाही.

मी संग्रहालयात पाट्या लिहितो. आमच्याकडे प्राणी आहेत, पण जिवंत एकही नाही. सगळे पेंढा भरलेले, नाहीतर साच्यातून काढून रंगवलेले. ते चावत नाहीत, गुरगुरत नाहीत. ते काम मी करतो, असं आमच्या पहारेकऱ्यांचं मत आहे. काचेच्या पेटीखाली जी पाटी असते ना, नाव, राहायचं ठिकाण, खाणंपिणं आणि एखादी गंमत, ती माझी. त्यामुळे कचेरीत सगळे मला पाटील म्हणतात. माझं आडनाव पाटील नाही. आधी मी एकेकाला दुरुस्त करत बसायचो. एक दिवस माझ्या खोलीच्या दारावरच 'पाटील' अशी पाटी लागली, तीही सुबक अक्षरात, तेव्हा नाद सोडला. मात्र 'पाटील पाट्या टाकतात' असा विनोद कोणी केला, की अजूनही माझं डोकं फिरतं. मी पाट्या लिहितो. टाकत नाही.

यंदा आम्हाला नवीन दालन उघडायचं होतं, जगभरातल्या अजब प्राण्यांचं. तिथे प्लॅटिपस होता. चोच बदकासारखी, अंडी घालतो आणि वर पिल्लांना दूधही पाजतो. त्याचं कातडं पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मोठमोठे विद्वान त्याच्यावर टाके शोधत बसले होते, कोणीतरी शिवून आपल्याला उल्लू बनवतंय म्हणून. ओकापी होता. मांड्यांवर झेब्र्याचे पट्टे, पण भाऊबंद जिराफाचा. हत्तीचिचुंद्री होती. लांब नाक बघून लोकांनी थट्टेने तिला हत्तीचं नाव चिकटवलं, आणि पुढे रक्ताचं नातं तपासलं तर ती खरोखरच चिचुंद्रीपेक्षा हत्तीला जवळची निघाली. आणि आय-आय होता. मोठाल्या डोळ्यांचा, केसाळ, हाताचं मधलं बोट काडीसारखं बारीक आणि लांब. त्या बोटाने तो झाडाच्या खोडावर टकटक करतो, आत पोकळी आहे का ऐकतो, आणि असली तर अळी ओढून काढतो.

आय-आयची पाटी लिहिताना मला घरची आठवण यायची. आमच्या घरातही एक टकटक होती.

ती सांगण्याआधी बायकोचं सांगतो. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि तिथेच आमची गाठ पडली. तिने भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली, आणि तिसऱ्या ओळीतला ळ उलटा छापलाय हेही सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात नाही आलं." मी म्हणालो, "इतकी वर्षं इथे ज्यांना दिसत नाही तेच येतायत." ती हसली. पन्नाशीला टेकलेल्या आणि एकट्याने डबा खाणाऱ्या माणसाला तेवढं हसू पुरलं.

तिच्याबरोबर तिची मुलगी माझ्या घरात आली. चौथीतली. मुलीचे वडील ती शाळेत जायला लागायच्या आधीच गेले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, त्यात ते हातातला पान्हा कानाला लावून फोनवर बोलल्याचं सोंग करतायत. असल्या माणसाची जागा रिकामी होत नसते, आणि ती व्हावी असं मलाही कधी वाटलं नाही. मुलीला त्यांनी मुंगी नाव ठेवलं होतं, कारण रांगायला लागल्यापासून ती जमिनीवर सांडलेलं काहीही उचलून लगबगीने दुसरीकडे नेऊन ठेवायची. तिची आई अजून तिला मुंगीच म्हणते. सुरुवातीला एकदा माझ्याही तोंडून निघून गेलं. तिने रागाने नाही, अगदी शांतपणे सांगितलं, "ते नाव माझ्या बाबाने ठेवलंय." तेव्हापासून मी तिला नुसतं 'अगं' म्हणायचो.

आणि ती मला? काहीच नाही.

लग्नाच्या वेळी नातेवाइकांनी आपापली अक्कल पाजळली होती. कोणी म्हणालं, काका म्हण. ती म्हणाली, "मला काका आहे. बाबाचा भाऊ." कोणी म्हणालं, नवे बाबा म्हण. तिने विचारलं, "जुना कुठे गेलाय?" त्यावर बायकोने सगळ्यांना गप्प केलं आणि विषय मिटला. विषय मिटला, पण माझं नाव ठरायचं राहून गेलं.

कोणाला हाकच मारायची नाही आणि तरी एका घरात राहायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या पोरीने ते असं काही जमवलं होतं, की व्याकरणाच्या मास्तरांनी तोंडात बोट घालावं. "चहा हवाय का?" "दाराला कडी लावायची का?" "आईने विचारलंय, जेवायला बसायचं का." "चष्मा राहिलाय टेबलावर." चष्मा राहिलाय! कोणाचा राहिला, कोण विसरलं, सगळं गुलदस्त्यात. चष्मा जणू स्वतःच्या मर्जीने मागे थांबला होता. तू नाही, तुम्ही नाही, क्रियापदाला अशी शेपटीच नाही जिला धरून मला कळावं की ही माझ्याशी बोलतेय. आणि मी पाठमोरा असलो तर ती माझ्या खोलीच्या चौकटीवर मधल्या बोटाने वाजवायची. टक टक. मी वळलो की बोलायची.

ती दुष्टपणे वागत होती असं मुळीच नाही. माझ्या ताटात पापुद्रा न फाटलेली पोळी पडेल याची काळजी घ्यायची, मी शिंकलो तर पाणी आणून ठेवायची. पण मला हाक हवी होती. उगाच कशाला लपवू? त्या वयात, त्या घरात, मला दुसरं काही नको होतं. शेजारच्या घरातून कोणी "बाबा" म्हणून ओरडलं की माझ्या हातातल्या पुस्तकाचं पान उलटायचं थांबायचं. मग मी स्वतःवरच चिडायचो आणि ती चीड दुसऱ्या दिवशी संग्रहालयात कोणावर तरी निघायची.

त्या मोसमात ती निघाली खवल्या मांजरावर.

आमचा साचेकार मोठा गुणी माणूस. त्याने खवल्या मांजराचा नमुना असा बनवला होता, की खवल्यांवर नख मारून बघावंसं वाटावं. मागचे पाय मातीत रोवलेले, पुढचे वाकडे, जीभ वारुळात, आणि शेपटीवर चिकटून बसलेलं पिल्लू. मी पाटी लिहायला बसलो आणि नावापाशीच घोडं अडलं. मांजर? कुठून मांजर? त्याला दात नाहीत, मिशा नाहीत, ते म्याव करत नाही. ते मुंग्या आणि वाळवी खातं, आणि घाबरलं की अंगाचा चेंडू करून पडून राहतं. वडाची साल पिंपळाला लावायची म्हणजे तरी किती! मी नावाच्या जागी लिहिलं, 'शल्कदेही'.

संचालकबाईंनी पाटी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पाटील, हे कोण?"

"खवल्या मांजर. पण ते मांजर नाही."

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असताना सगळे खोटं बोलतात, हाच तर माझा मुद्दा आहे. पाणमांजर मांजर नाही, जवादी मांजर मांजर नाही. पाणघोडा घोडा नाही. देवमासा मासा नाही, आणि देव तर त्याहून नाही. आपल्या भाषेत ज्याची ओळख पटत नाही, त्याला धरून मांजर करून टाकतात."

"शल्कदेही म्हटलं तर पोरं पाटीखालीच झोपतील," बाई म्हणाल्या. "विचार करा, आठवडाभराने सांगा." बाई माझ्याशी वाद घालत नाहीत. वेळ देतात. त्याचा मला जास्त राग येतो.

त्याच आठवड्यात बायकोच्या दुकानात कामाच्या वेळा बदलल्या आणि मुलगी शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत येऊन बसायला लागली. माझ्या टेबलाच्या एका कडेला तिचा अभ्यास, दुसऱ्या कडेला माझ्या पाट्या, मध्ये डिंकाची बाटली. ती माझी लिहिलेली पानं ओढून वाचायची. प्लॅटिपस तिला फार आवडला. "ह्याला कोणी घरात घेतलं असेल का? बदकं म्हणत असतील, आमचा नाही." मी म्हणालो, त्याला पर्वा नसेल, तो पाण्यात असतो. ती हसली. माझा दिवस चांगला गेला.

मग तिने खवल्या मांजराचं पान ओढलं.

"मुंग्याच खातं?"

"मुंग्या आणि वाळवी."

"बरं." ती जराशी मागे सरकली आणि परत हसली. मुंगीने मुंगीखाऊची पाटी वाचायची म्हणजे गंमतच होती, पण ती मला बोलून दाखवायची सोय नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "इथे मांजर खोडलंय, ते कशाला?"

माझ्या डोक्यात अजून संचालकबाई होत्या. मी तडकून बोललो, "कारण ते मांजर नाही. जो जे नाही त्याला ते म्हणू नये. हाक मारायला सोयीचं पडतं म्हणून भलतंच नाव चिकटवायचं? ते खऱ्या मांजरावरही अन्याय आणि ह्याच्यावरही. खोटं नाव लावण्यापेक्षा नाव नसलेलं बरं."

तिने माझ्याकडे बघितलं. पान नीट सरळ केलं, होतं तिथे ठेवलं, आणि "बरोबर आहे" म्हणून गणिताची वही उघडली. मलाही वाटलं, बरोबर आहे. इतका मी शहाणा.

दुसऱ्या दिवसापासून टकटक बंद झाली. ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन नुसती उभी राहायची, मी कधी तरी वळेन म्हणून. कधी वळायचो, कधी नाही. मग ती निघून जायची आणि निरोप आईकडून यायचा. चहा हवाय का, हे आईने विचारायचं. चष्मा राहिलाय, हे आईने सांगायचं. घरात भांडण नव्हतं, अबोला नव्हता, तरी मी बाहेरच्या खोलीत गेलो की कुणाच्या तरी घरी पाहुणा आल्यासारखं अंग आखडून बसायचो.

रविवारी बायको माझे शर्ट घड्या करत होती. ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तिच्या वर्गाची सहल आहे. तुझ्याच संग्रहालयात."

"माहीत आहे. मीच दालन दाखवणार आहे."

"ती जायचं नाही म्हणतेय. पोट दुखेल म्हणते."

"गुरुवारी दुखणार हे तिला रविवारीच कळलं?"

बायको हसली नाही. शर्ट बाजूला ठेवून ती माझ्यासमोर बसली. "वर्गातली मुलं विचारतील, हे तुझे कोण म्हणून. काय सांगू, असं मला विचारत होती. मी म्हटलं, तुला काय सांगावंसं वाटतं? तर म्हणाली, काहीतरी शोधलं होतं, पण आता नाही."

"का नाही?"

"तूच सांगितलंस म्हणे. जो जे नाही त्याला ते म्हणू नये. नाव नसलेलं बरं."

माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो हे ऐकून होतो. पण धोंडा घडवून, त्याच्यावर सुबक अक्षरं कोरून, मग तो पायावर पाडून घेणारा मीच पहिला असेन. वर्षभर मी त्या पोरीच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होतो. तो तिच्या ओठांपर्यंत आला होता. आणि मी, पगारी शब्द जुळवणारा माणूस, त्याला दारातूनच हाकलून आलो होतो, एका पेंढाही न भरलेल्या, प्लॅस्टिकच्या मांजरासाठी!

"मी तिच्याशी बोलू?" मी विचारलं.

"काय बोलशील? मला नाव दे म्हणून?" बायको म्हणाली. "तसं मागितलं तर ती देईल. शहाणी आहे. पण मग ते मागून घेतलेलं होईल."

ते मला पटलं. बायकोला डोळे तपासायची सवय आहे. आधी ही काच, मग ती काच, आता कशाने स्पष्ट दिसतंय?

सोमवारी मी संग्रहालयात गेलो आणि खवल्या मांजरासमोर उभा राहिलो. दालनात अजून रंगाचा वास होता, शिडी तशीच होती. मी त्या नमुन्याकडे बघत विचार केला, की ज्या कोणी माणसाने ह्याला पहिल्यांदा बघितलं असेल, त्याला हे मांजर नाही एवढं दिसलं नसेल का? आंधळा होता का तो? अंगावर खवले, जीभ हातभर, हे काय मांजर आहे? त्याला दिसलं होतं. पण शब्दांच्या पिशवीत हात घालून त्याने कोणता शब्द काढला? भूत काढला नाही, राक्षस काढला नाही. घरात फिरणारा, चुलीजवळ झोपणारा, पोरांनी शेपटी ओढली तरी परत मांडीवर येणारा प्राणी काढला. आणि खऱ्या मांजराचा मान राहावा म्हणून पुढे एक शब्द जोडला. ह्यात खोटं काय होतं? नाव चुकलं होतं, पण परक्याला घरात घ्यायचं ठरवल्यावर माणूस आणखी काय करणार? मी आयुष्यभर नावं तपासली ती बरोबर की चूक एवढंच बघून. ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते कधी विचारलं नाही.

मी खोलीत जाऊन पाटी नव्याने लिहिली आणि संचालकबाईंकडे नेली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"पाटील, ह्यात 'असावं' आहे."

"आहे."

"पाटीवर असावं, नसावं, बहुधा, कदाचित हे शब्द आले तर राजीनामा देईन, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. बहुधा देणार नाही."

बाईंनी सही केली. त्या सहीबरोबर त्या थोडं हसल्याही, पण मी ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी सकाळी छापून आलेल्या पाट्या लागल्या, आणि माझं रक्त उसळलं. आय-आयच्या पेटीखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आई-आई'. मी छापखान्यात फोन लावला. तिकडचा माणूस शांत होता. "अहो, आय कसं छापायचं? शाळेची मुलं वाचणार, बरं दिसतं का? आई म्हणावं. मी सगळीकडे सुधारून घेतलंय." ध चा मा करून वर तो माझ्याकडून आभाराची वाट बघत होता. मी फोन ठेवला. त्या केसाळ, डोळे वटारलेल्या प्राण्याला लोक दोन-दोनदा आई म्हणणार होते. माझं एकदाही काही ठरत नव्हतं.

पाटी बदलायला वेळच नव्हता. खाली बस येऊन थांबली होती.

मुलं आत आली. ओळीच्या अगदी शेवटी ती होती. पोट दुखलं नव्हतं, किंवा दुखत असूनही आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बुटांच्या बंदाकडे बघितलं. मीही तिला ओळख दाखवली नाही. वाटलं, जे काय सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. नाहीच सांगितलं तरी चालेल, असं मी स्वतःला दोनदा बजावलं आणि दोन्ही वेळा ते मला पटलं नाही.

आई-आईने दालन डोक्यावर घेतलं. पोरं काचेला नाक लावून "आई! आई!" म्हणून ओरडत होती, एकाने तर "आई, डबा!" म्हटलं. त्यांचे सर मला विचारायला लागले, हे नाव खरंच असं आहे का. मी म्हणालो, "आहे आय-आय. पण आमच्या छापखान्याला ते उद्धट वाटलं." सरांना हसू आवरेना. मी पुढे प्लॅटिपसचे टाके सांगितले, हत्तीचिचुंद्रीची सोयरीक सांगितली. बोलत होतो, पण माझे कान मागे होते.

खवल्या मांजरापाशी घोळका थांबला. एका मुलाने पाटीचा मथळा वाचून लगेच हात वर केला. "हे मांजर कुठेय? हे मांजर नाहीच आहे!"

"पाटी वाचा," मी म्हणालो. "मोठ्याने कोणी तरी वाचा."

कोणी पुढे येईना. मग ओळीच्या शेवटून ती आली. काचेसमोर उभी राहिली आणि शाळेत धडा वाचतात त्या आवाजात वाचायला लागली.

"खवल्या मांजर. हे मांजर नाही. ज्यांनी याला पहिल्यांदा पाहिलं, त्यांच्याकडे याच्यासाठी शब्द नसावा. म्हणून त्यांनी आपल्या घरातल्या प्राण्याचं नाव याला दिलं असावं, आणि दोघांची गल्लत होऊ नये म्हणून पुढे एक शब्द जोडला. खऱ्या मांजराचं त्यात काही कमी झालं नाही. याला मात्र नाव मिळालं. असं नाव चुकीचं असतं असं पाटी लिहिणाऱ्याला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही."

राहायचं ठिकाण आणि खाणंपिणं तिने वाचलं नाही. ती तिथेच उभी राहिली, आणि बोटाने हवेत शेवटची ओळ परत एकदा वाचली. बाकीची मुलं पिल्लू बघायला पुढे घुसली. मी चष्मा काढून पुसायला लागलो. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

तेवढ्यात दोन वेण्यांच्या एका मुलीने तिला कोपराने ढोसलं. "ए, हे तुमच्याच घरी राहतात ना? मी पाहिलंय. तुझे कोण लागतात?"

हाच तो प्रश्न. मी चष्मा पेटीच्या कडेवर ठेवला आणि उगाचच शिडीकडे बघायला लागलो. काही नाही लागत, असं ती म्हणाली असती तर ते खरंच होतं, आणि खरं बोलायचं मीच तिला शिकवलं होतं.

"हे माझे पाटीबाबा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा नाहीत. माझा बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. हे पाटीबाबा. खवल्या मांजर असतं ना, तसं."

"अच्छा," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, आणि ओकापीकडे पळाली. तिचं समाधान झालं होतं. मोठ्या माणसांना हेच समजवायला मला आणखी दहा पाट्या लागल्या असत्या.

पाटीबाबा! मी मनात तो शब्द उलटसुलट करून पाहिला. सवयच आहे. कोशात असा शब्द नाही. समासाचा विग्रह काय करणार? पाट्या लिहिणारा बाबा, की पाटी लावलेला बाबा? काहीही धरा. माझ्याकडून त्यात एका काना-मात्रेची दुरुस्ती होणार नव्हती. मी उरलेलं दालन कसं दाखवलं ते आठवत नाही. समुद्रघोड्याला मी तीनदा घोडा म्हणालो असं सर नंतर सांगत होते.

मुलं बाहेर निघाली. बसचा भोंगा वाजला, सर ओळ लावायला ओरडायला लागले. मी खिडकीपाशी उभा राहून ओळ बघत होतो, तर ओळीच्या शेवटी ती नव्हतीच.

मागे टक टक वाजलं. काचेच्या पेटीवर, मधल्या बोटाने.

मी वळलो. ती खवल्या मांजरापाशी उभी होती आणि तिच्या हातात माझा चष्मा होता.

"पाटीबाबा," ती म्हणाली, "चष्मा विसरलास."

विसरलास. वर्षभर जी शेपटी क्रियापदाला लागली नव्हती ती लागली होती, आणि तीही अशी. लोकांसमोर ती मला 'हे' म्हणाली होती, आणि आता दोघंच असताना 'तू'. तिच्या बाबालाही ती तूच म्हणायची. मी चष्मा घेतला. एक शब्द ओठांवर आला. तो माझा नव्हता. तो ज्याने ठेवला होता तो बाहेरच्या खोलीत पान्हा कानाला लावून हसत होता. पण त्याचं त्यात काही कमी होणार नव्हतं, हे मीच पाटीवर लिहून बसलो होतो.

"पळ, मुंगी," मी म्हणालो. "बस सुटेल."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग "हो" म्हणाली आणि पळाली.